कोकराचे अवयव आणि खाद्यातील शक्ती

ज्यांच्या घरी दहापाच मेंढ्या आहेत त्यांच्यापुढे टंचाईच्या दिवसांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. घरात थोडाच भरडा शिल्लक आहे. तो गाभण मेंढीला घालावा, पित्या कोकराला घालावा, की बाजारी न्यावयाच्या मोठ्या कोकराला घालावा? पुष्कळ लोक तो मोठ्या कोकराला घालतात, कारण त्याचा पैसा लवकर हाती येतो. हा हिशोब खरा की खोटा, हे ठरविण्यास कोणता अवयव केव्हा वाढतो व खाद्यातील शक्ती कमी पडली असता कोणाची हानी होते, हे समजले पाहिजे. ह्या पाठात आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

१. शक्ती म्हणजे काय?

खाल्लेले पचून शरीरास जी ऊब, हालचालीचे बळ व वाढीचे सामर्थ्य मिळते, तिला आम्ही येथे खाद्यातील शक्ती म्हणतो. मका, ज्वारी, बाजरी व कोवळा चारा ह्यांत ती पुष्कळ असते. वाळून काडी झालेल्या गवतात थोडी असते. निकस गवतावर वाढलेल्या कोकराचे पोट मोठे दिसते, पण त्यात पुष्कळ भार न पचलेल्या चाऱ्याचाच असतो. भरलेले पोट आणि पोसलेले शरीर ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

२. अवयवांचा क्रम

इंग्लंडातील केंब्रिज येथील जॉन हॅमंड ह्यांनी १९३२ साली मेंढीच्या वाढीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्व अवयव एकाच वेळी सारख्या वेगाने वाढत नाहीत, असे त्यांनी दाखविले. प्रथम मेंदू, मग हाडे, त्यानंतर मांस आणि सर्वांच्या शेवटी चरबी, असा साधारण क्रम आहे. पाटाचे पाणी अपुरे असले म्हणजे वरचे शेत भिजते व शेवटचे कोरडे राहते. तद्वत् अन्न अपुरे पडले असता मेंदू आपला वाटा बहुतेक पुरा घेतो आणि मागाहून वाढणाऱ्यांस उरलेसुरले मिळते.

३. जन्मापूर्वीची वाढ

मेंढी सुमारे १४७ दिवस गाभण असते. जन्मवेळी कोकराचे जे वजन असते, त्याचे सुमारे दोनतृतीयांश शेवटच्या सहा आठवड्यांत वाढते. ह्याच काळात आई उपाशी राहिली तर काय होते, हे वॉलेस ह्यांनी केंब्रिज येथे तपासून १९४८ साली प्रसिद्ध केले. अशा कोकरांच्या मेंदूस फारच थोडी झळ पोहोचली. यकृत मात्र फार लहान राहिले. यकृतात साठविलेली शक्ती ही नवजात कोकराची पहिली शिदोरी होय. ती अपुरी असली तर थंडीवाऱ्यात ते लवकर गारठते.

मूत्रपिंडांची गोष्ट आणखी विचार करण्याजोगी आहे. मेंढीच्या जातीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या जन्मापूर्वीच बनून संपतात. जन्मानंतर कितीही खाऊ घातले तरी नवी गाळणी बनत नाही. काही दारे एकदा मिटली की पुन्हा उघडत नाहीत.

४. पोटाची वाढ

जन्मतः कोकराच्या चार पोटांपैकी चौथे पोट सर्वांत मोठे असते व दूध थेट त्यात जाते. कोठीपोट लहान व पातळ असते. कोकरू पाला व दाणा कुरतडू लागले म्हणजे त्यात ते आंबून आम्ले तयार होतात, आणि त्या आम्लांमुळेच कोठीपोटाच्या आतील बारीक अंकुर वाढतात. ह्या अंकुरांवाटेच शक्ती रक्तात शिरते. चाऱ्याने कोठीपोट मोठे व बळकट होते, दाण्याने अंकुर वाढतात. म्हणून दोन्ही पाहिजेत. केवळ दुधावर ठेवलेल्या कोकराचे कोठीपोट मागे राहते, व दूध तुटताच ते खंगते.

५. यकृत आणि आतडी

हे अवयव मात्र खाण्याप्रमाणे लहानमोठे होतात. आतडी, पोटे व यकृत हा शरीराच्या वजनाचा लहानसा भाग होय. परंतु शरीर जितका प्राणवायू खर्च करते, त्याच्या शंभर भागांपैकी सुमारे ४० ते ५० भाग त्यांनाच लागतात. अमेरिकेतील नेब्रास्का येथील संशोधकांनी १९८६ साली वाढत्या कोकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. वजन सारखे असूनही ज्यांची वाढ अलीकडे वेगाने झाली होती त्यांचे हे अवयव मोठे होते, आणि नुसते जगण्यासही त्यांना अधिक शक्ती लागत होती.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. चांगल्या पोसलेल्या कोकराचा खुराक एकाएकी तोडला तर त्याचे मोठे अवयवच त्याची शक्ती खातात, व ते झपाट्याने रोडावते. उलट, दुष्काळात रोडावलेल्या कोकरास पुन्हा खाद्य मिळाले म्हणजे आधी यकृत व आतडी भरून निघतात, मांस मागाहून चढते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत पाठीवर मांस दिसले नाही तरी धीर सोडू नये.

६. मग भरडा कोणाला?

पहिला मान गाभण मेंढीचा, तोही शेवटच्या सहा आठवड्यांत. चाऱ्यासोबत रोज सुमारे २०० ते २५० ग्रॅम भरडा व त्यात थोडी पेंड मिळाली तरी पुष्कळ फरक पडतो. दुसरा मान दोनतीन आठवड्यांच्या कोकराचा. त्यास पसाभर भरडा व कोवळा पाला आईपासून वेगळ्या जागी ठेवावा. मोठ्या कोकराचा क्रम तिसरा, कारण त्याचे जे कमी झाले आहे ते बव्हंशी मागाहून भरून येते. पहिल्या दोघांचे तसे नाही.

मात्र दाणा एकदम वाढवू नये. भुकेल्या जनावरास दाणा भरपूर घातल्यास कोठीपोटात आम्ल फार होते, आंत्रविषारही होतो, व धडधाकट कोकरू एका रात्रीत दगावते. दोनतीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत न्यावे, आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून घ्यावी.

उजळणीचे प्रश्न

१. आई उपाशी राहिल्यास गर्भातील कोणत्या अवयवास फार झळ पोहोचते व कोणत्या अवयवास थोडी?
२. कोठीपोटातील अंकुर कशाने वाढतात?
३. आपल्या कळपातील कोणती मेंढी पुढील सहा आठवड्यांत विणार आहे, आणि तिच्यासाठी आपण काय राखून ठेविले आहे?