नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

एसक्यूएल इंजेक्शन (वापरकर्त्याच्या मजकुरातून डेटाबेसच्या क्वेरीत आज्ञा घुसवणारा हल्ला) ओळखणाऱ्या मॉडेलचा प्रस्ताव आला की त्यातली ‘९९ टक्के अचूकता’ मी आधी बाजूला ठेवतो. आकडा खोटा नसतो, पण तो कशावर मोजला हे विचारावं लागतं. दिवसाला दहा लाख रिक्वेस्ट आणि त्यांत शंभर हल्ले धरू. मॉडेल नव्याण्णव हल्ले पकडेल आणि एक टक्का चुकीने जवळपास दहा हजार निर्दोष रिक्वेस्टही अडवेल. म्हणजे शंभर इशाऱ्यांत खरा एक. लॉग पाहणारा माणूस लवकरच इशारे न वाचता बंद करू लागतो. शिवाय अडकतात कोण? इंग्रजीत आडनाव लिहिताना अपॉस्ट्रॉफी देणारे गोव्या-वसईचे डिसूझा, डिमेलो. कारण क्वेरी फोडायला हल्लेखोरही तेच चिन्ह वापरतो. अनेक शोधनिबंधांत चाचणी होते ती सीएसआयसी २०१० या स्पेनमधल्या डेटासेटवर. त्यातल्या रिक्वेस्ट एकाच ई-कॉमर्स ॲपसाठी यंत्राने तयार केलेल्या आहेत. देवनागरीत शोधणारं गिऱ्हाईक त्या मॉडेलने पाहिलेलंच नसतं.

म्हणून पहिला खर्च क्वेरीवर करा. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये वापरकर्त्याचा मजकूर आज्ञा म्हणून चालतच नाही, मग ओळखायचं काय? (क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बाय मधलं कॉलमचं नाव मात्र असं बांधता येत नाही, तिथे ठरलेल्या नावांची यादीच लागते.) यावर आक्षेप येतो की जुना कोड कोण बदलणार, आणि विकतच्या सॉफ्टवेअरला हात कसा लावणार? आक्षेप रास्त आहे. २०२३ साली मूव्हइट या फाइली पाठवण्याच्या विकतच्या सॉफ्टवेअरमधली इंजेक्शनची त्रुटी हल्लेखोरांना आधी सापडली, ग्राहक कंपन्यांना नंतर कळली. ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीचं उदाहरण तर थोडं माझ्याच विरुद्ध जातं. ऑक्टोबर २०१५च्या मोठ्या हल्ल्याआधी त्याच वर्षी तिथे दोनदा इंजेक्शन झालं होतं, आणि देखरेख नसल्याने ते लक्षात आलं नाही. पण ती पानं टिस्काली या दुसऱ्या कंपनीकडून वारशाने आलेली होती, आणि ती आपल्याकडे आहेत याचाच कंपनीला पत्ता नव्हता. यादीत नसलेल्या पानावर मॉडेल बसवणार कोण?

तरीही मॉडेल घ्यायचंच असेल तर ते डेटाबेसच्या दाराशी बसवा. यूआरएलमधल्या मजकुराची रूपं अगणित. एन्कोडिंग बदललं, मध्ये कॉमेंट घुसवली की तो ओळखू येत नाही. ॲप पाठवतं त्या क्वेरींचे साचे मात्र बहुधा मोजके असतात, त्यामुळे नवा साचा उठून दिसतो. आधी साठवून मागाहून क्वेरीत शिरणारा मजकूरही इथेच सापडू शकतो. सुरुवातीला काहीही अडवू देऊ नका, नुसती नोंद ठेवा. ॲपची नवी आवृत्ती आली की साचे बदलतात, तेव्हा शिकवणी पुन्हा करावी लागेल. तो खर्च प्रस्तावात लिहिलाय का, तेवढं सहीआधी पाहा.