प्रमाण आणि अनुकरण

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील 21 वा श्लोक अनेकांच्या मुखी असतो. श्रेष्ठांच्या मागून लोक चालतात, हा त्याचा स्थूल अर्थ. पण त्याच अध्यायाच्या 35 व्या श्लोकात, परधर्म उत्तम आचरता आला तरी आपला उणा वाटणारा स्वधर्मच बरा, असे भगवान सांगतात. येथे विचारी साधकास शंका येते. थोरांचे पाहून वागावे तर स्वधर्म सुटण्याचे भय. स्वधर्म धरून बसावे तर थोरांपासून घ्यावयाचे ते काय?

या शंकेचे उत्तर पहिल्या श्लोकाच्या उत्तरार्धातील ‘प्रमाण’ या शब्दात आहे. श्रीशंकराचार्यांच्या मते श्रेष्ठ पुरुष लौकिक वा वैदिक व्यवहारात जे प्रमाण मानतो, लोकही तेच प्रमाण मानतात. श्रीरामानुजाचार्य तेथे समास घेतात. श्रेष्ठ ज्या अंगांसह कर्म करतो त्याच अंगांसह लोक ते करतात, असा त्यांचा आशय. दोन्ही अर्थ आदरणीय आहेत. प्रस्तुत शंकेला मात्र पहिला अधिक उपयोगी पडतो. कर्म ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे निराळे असावयाचेच. एकाकडून दुसऱ्याकडे जाते ते प्रमाण, म्हणजे कर्म ज्या कसोटीवर घासून पाहावयाचे ती कसोटी.

याचे उदाहरण पाहण्यास बेंगळुरूस जावे. तेथील बसवनगुडी भागात, बुल टेंपल रोडवर, गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नड नगरीत कोकणातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव कसे आले, याचे मराठी माणसास नवल वाटते. गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी निवर्तले. संस्था स्थापन झाली 1945 साली. मधल्या तीस वर्षांत त्यांचे स्मरण जागते ठेवणारा पुरुष होता डी. व्ही. गुंडप्पा, कर्नाटकाचे लाडके ‘डीव्हीजी’. मुळबागलला 1887 साली जन्मलेल्या या गृहस्थांचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे ते पत्रकार झाले, कवी झाले आणि गोखल्यांचे चरित्रही त्यांनी कन्नडात लिहिले. गीतेवरील त्यांच्या विवेचनग्रंथाचे नाव ‘जीवनधर्मयोग’; त्यास 1967 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गोखल्यांना हे प्रमाण लाभले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांजकडून. पुण्यातील तरुण शिक्षक गोखले रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले. सरकारी अहवाल वाचावयाचे, आकडे पडताळावयाचे, मगच लेखणी उचलावयाची, अशी ती कडक शिकवण होती. रानडे 1901 च्या जानेवारीत वारले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात अर्थसंकल्पावर भाषण करून सरकारच्या शिलकेचा फोलपणा आणि मिठावरील कराचा अन्याय आकड्यांनिशी दाखविला. ते ऐकावयास गुरू राहिले नव्हते.

तथापि प्रमाणाची खरी परीक्षा यशाच्या वेळी होत नसते. 1897 साली गोखले इंग्लंडात असता पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांवर गंभीर आरोप केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा हाती येईना. तेव्हा त्यांनी उघडपणे क्षमा मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रे म्हटले, आणि लोकांचा तो रोष पुष्कळ काळ टिकला. त्या वेळची लोकांची होरपळ ध्यानात घेता हा रोष अनाठायी होता, असेही म्हणवत नाही. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, ही कसोटी गोखल्यांनी स्वतःवरच चालविली. श्रेष्ठ पुरुष निर्दोषच असला पाहिजे, असे गीतेने कोठेही म्हटलेले नाही.

आता महात्मा गांधी पाहा. त्यांनी गोखल्यांस आपले राजकीय गुरू म्हटले. पण मार्ग केवढा भिन्न! 1915 साली ते स्वदेशी आले तेव्हा, एक वर्ष देश पाहावा, तोवर राजकारणावर बोलू नये, असे गोखल्यांनी त्यांस सांगितले, आणि त्यांनी ते पाळले. गोखल्यांच्या मागे त्यांच्याच भारत सेवक समाजात गांधींना घ्यावे की नाही, यावर सभासदांत मतभेद झाला, तेव्हा गांधींनी आपला अर्ज आपणच मागे घेतला. बाह्य आचरण जुळत नव्हते, हे उभयपक्षी स्पष्ट होते. शिष्यत्व मात्र त्यामुळे बाधले नाही.

न्यायासनावरील रानडे, कौन्सिलातील गोखले, सत्याग्रही गांधी, लेखणी चालविणारे गुंडप्पा, या चौघांची कर्मे एकमेकांच्या जागी ठेवून पाहिली तर एकही बसत नाही. प्रत्येकाने ती आपापल्या स्वधर्मातून घेतली होती. सार्वजनिक कार्य हे धर्मकृत्याइतक्या शुद्ध बुद्धीने करावे, हे प्रमाण मात्र चौघांचे एकच होते. याउलट, थोरांचा पोशाख, बोलण्याची लकब, सभेतील ऐट यांचे अनुकरण सुलभ असते आणि म्हणूनच ते फार होते. 1970 साली नागरिकांनी सत्कार करून गुंडप्पांस निधी अर्पण केला, तो त्यांनी संस्थेस देऊन टाकला. गोखल्यांची पगडी काही त्यांनी डोक्यावर चढविली नव्हती!

आणखी एक शंका उरते. रानडे, गोखले सर्वांच्या वाट्यास येत नाहीत. मग सामान्याने कोणाकडे पाहावे? गुंडप्पांच्या ‘ज्ञापक चित्रशाळे’ या आठ भागांच्या ग्रंथमालेत यावरचे समाधान सापडते. तीत दिवाण आहेत, साहित्यिक व कलावंत आहेत. पण एक भाग वैदिक परंपरेतील मंडळींस दिलेला आहे, आणि एकाचे तर नावच ‘हृदयसंपन्नरु’, म्हणजे हृदयाचे श्रीमंत, असे आहे. त्यांतील कित्येकांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हती.