रक्तदोषातील लोहसंचय आणि वनस्पतिजन्य उपाय

अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. थॅलेसेमिया हा त्याच वर्गातील दुसरा विकार होय. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा घरी गव्हांकुराचा रस, हळद किंवा आवळा यांविषयी विचारणा होते. ही पिके आपल्याच शेतातील असल्याने ग्रामसेवकांनी त्यांचे गुण व मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

लोह का साठते? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात निचरा नसल्याने क्षार साठून राहतात. शरीरातील लोहाचेही तसेच आहे. रोज सुमारे १ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. अधिक टाकण्याची सोय शरीरात नाही. उलट, चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते. तीव्र थॅलेसेमियात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. सिकलसेलमध्ये काही रुग्णांनाच ते वारंवार लागते. साठलेले लोह यकृत, हृदय व ग्रंथींना इजा करते, वाढ खुंटते आणि शेवटी जीवावर बेतते.

वनस्पतींचा उपयोग किती?

चहा : जेवणाबरोबर घेतलेला कोरा चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो. मात्र रक्तातून आलेल्या लोहावर त्याचा परिणाम होत नाही.

गव्हांकुर : चंदीगड येथील एका लहान अभ्यासात सुमारे निम्म्या रुग्णांची रक्ताची गरज घटल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या अभ्यासात तसा लाभ सिद्ध झाला नाही. शिवाय ओलसर कुंडीत बुरशी व जंतू वाढतात. प्लीहा निकामी झालेल्या रुग्णास कच्च्या रसातून संसर्गाचा धोका संभवतो.

हळद : तिच्यातील पिवळे द्रव्य प्रयोगशाळेत लोहाशी जोडले जाते, परंतु स्वयंपाकातील हळदीने शरीरातील साठा उतरत नाही.

आवळा : यातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. म्हणून लोह साठलेल्या रुग्णाने आवळ्याचा रस वा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खरा उपाय. डेफेरॉक्सामिन हे इंजेक्शन आणि डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यावयाची औषधे लोहाला बांधून लघवी किंवा शौचावाटे बाहेर काढतात. वनस्पतीचा रस सुरू केला म्हणून ही औषधे थांबविल्यास लोह पुन्हा साठू लागते, आणि हृदय बिघडेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही.

ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे :

१. फिकटपणा म्हणजे लोहाची कमतरताच, असे समजू नये. रक्त तपासून घ्यावे.

२. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना सुरू करू नयेत, तसेच गरोदर स्त्रीच्या चालू गोळ्या परस्पर बंदही करू नयेत.

३. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाने फेरिटिनची तपासणी नियमित करावी.

४. विवाहापूर्वी वधूवरांची रक्ततपासणी करण्यास उत्तेजन द्यावे. बियाणे पारखून पेरणाऱ्या शेतकऱ्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

५. घरी कोणता पाला, रस वा चूर्ण चालू आहे, हे डॉक्टरांस न संकोचता सांगण्यास कुटुंबास धीर द्यावा.