ओढ्याच्या वाटेवरील भिंत

उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडून पाहा. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको या दोन देशांमधील सीमा पॅसिफिक महासागरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेलेली दिसेल. तिची लांबी सुमारे ३,१४५ किलोमीटर आहे. पूर्वेकडील निम्म्याहून अधिक सीमा रिओ ग्रान्दे या नदीच्या पात्रातून जाते. पश्चिमेकडे मात्र तिला नदीचा किंवा पर्वताचा आधार फारसा नाही. तेथील डोंगररांगा आणि ओढे बहुधा तिला आडवे छेदून जातात. सीमा म्हणून आहे ती केवळ पट्टीने आखल्यासारखी रेघ.

ही रेघ युद्धातून निघाली. १८४६ ते १८४८ या काळात दोन देशांत युद्ध झाले. मेक्सिकोचा पराभव होऊन त्याचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला. पुढे १८५३ च्या करारान्वये दक्षिणेकडील आणखी एक पट्टा अमेरिकेने विकत घेतला. मग भूमापकांनी उन्हातान्हात हिंडून ठिकठिकाणी स्तंभ उभारले. १८९२ ते १८९४ या वर्षांत फेरमोजणी झाली, तेव्हा त्यांची संख्या २५८ झाली. इतक्या लांबीच्या रेघेवर एवढे स्तंभ ते किती! दोन स्तंभांच्या मधून हरिण जाई, ओढा जाई, वाटसरूही जाई.

याच भागात सोनोराचे वाळवंट आहे. वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. परंतु हे वाळवंट तसे ओसाड नाही. येथे सग्वारो नावाचे प्रचंड निवडुंग वाढतात. त्यांची उंची बारा मीटरांहूनही अधिक होते. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत येथे वादळी पाऊस कोसळतो. गंमत अशी, की तेथील लोक या पावसाला आपल्याप्रमाणेच मान्सून म्हणतात. एरवी कोरडे ठणठणीत असलेले ओढे अशा वेळी तासाभरात दुथडी भरून वाहू लागतात.

या भूमीत तोहोनो ओओदाम हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या नावाचा अर्थच ‘वाळवंटातील लोक’ असा आहे. सग्वारोची फळे पिकली, की त्यांचे नवे वर्ष सुरू होते. समुद्रावरून मीठ आणावयास ते दक्षिणेस पायी जात. ऑक्टोबरच्या आरंभी माग्दालेना या गावच्या यात्रेस जाण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. १८५३ साली सीमा ठरली, तेव्हा या लोकांस कोणीही विचारले नाही. त्यांची निम्मी आप्तमंडळी एका देशात, तर उरलेली दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली. माग्दालेनाची वाट आता परदेशातून जाते.

नोगालेस या गावाचीही अशीच कथा आहे. एकाच नावाची दोन शहरे एकमेकांस खेटून वसली आहेत; एक अमेरिकेत, तर दुसरे मेक्सिकोत. पूर्वी दोहोंच्या मध्ये केवळ एक रस्ता होता. १९१८ च्या ऑगस्ट महिन्यात दोन्ही बाजूंच्या शिपायांत चकमक उडाली आणि त्यानंतर मध्ये कायमचे कुंपण आले.

पुढे अनधिकृत प्रवेश आणि अमली पदार्थांची चोरटी वाहतूक थांबविण्यासाठी अमेरिकेने कुंपणाचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. राज्याने आपली सीमा राखू नये, असे कोण म्हणेल? परंतु ती कोणत्या रीतीने राखावी, हाच प्रश्न आहे. वन्य प्राणी, पाणी, प्राचीन स्मारके यांच्या रक्षणाचे कायदे अमेरिकेत होतेच. २००५ साली असा एक कायदा झाला, की कुंपणाच्या कामापुरते हे सर्व कायदे बाजूस ठेवण्याचा अधिकार एका मंत्र्यास मिळाला. २००८ साली तीसहून अधिक कायदे अशा रीतीने बाजूस ठेवण्यात आले. शेतकऱ्याने गाऱ्हाणे घेऊन जावे, तर कोणत्या दारी?

त्याच वर्षी जुलैत जोराचा पाऊस झाला. नोगालेसचा ओढा मेक्सिकोतून उत्तरेस अमेरिकेकडे वाहतो आणि गावाखालील बोगद्यातून जातो. चोरट्यांची ये-जा रोखण्याकरिता अमेरिकेच्या सीमारक्षकांनी त्या बोगद्यात काँक्रीटचा अडथळा बांधला होता. पाणी तुंबले, मागे फिरले आणि मेक्सिकोतील नोगालेसच्या रस्त्यांत, घरांत व दुकानांत शिरले. दोन माणसे दगावली. मेक्सिकोने याबद्दल निषेध नोंदविला. शेजारधर्मात जो विश्वास लागतो, तो अशा वेळी तुटतो आणि जोडावयास वर्षे लागतात.

पश्चिमेकडे ऑर्गन पाइप नावाचे राखीव रान आहे. त्याच महिन्यात तेथील कुंपणाच्या जाळीस काटक्या-कचरा अडकून तिचेच धरण झाले. ऑगस्ट २०११ मध्ये तर पुराने बारा मीटर लांबीचे कुंपणच वाहून नेले.

त्यानंतरच्या काळात, विशेषतः २०१९ व २०२० साली, सुमारे नऊ मीटर उंचीचे पोलादी खांब रोवले गेले. दोन खांबांमधील फट केवळ दहा सेंटिमीटरांची. सरडा जाईल, ससा कदाचित जाईल. जॅग्वार कसा जाणार? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अलीकडे दिसलेले जॅग्वार हे बहुधा सोनोरातून एकटे आलेले नर होत. येथील एक लहानसा पिंगळा तर उडतो तोच मुळी जमिनीपासून एक-दीड मीटर उंचीवरून. काही ठिकाणी लहान प्राण्यांसाठी वहीच्या पानाएवढी भोके ठेवली आहेत, हे सांगितले पाहिजे.

ऑर्गन पाइपच्या रानात सीमेपासून हाकेच्या अंतरावर कितोबाकितो नावाचा झरा व तळे आहे. तेथे चिमुकले मासे आणि चिखलात राहणारे कासव आढळते. २०२० साली भिंतीच्या काँक्रीटसाठी या भागात भूगर्भातील पाणी उपसण्यात आले. त्याच उन्हाळ्यात तळ्याची पातळी बरीच उतरली. अवर्षण आणि तळ्याची गळती हीही कारणे होती. तथापि कोरड्या प्रदेशात विहिरीचे पाणी कोणत्या कामी लावावे, याचा विचार व्हावयास हवा होता. जवळच्याच एका टेकडीवर सुरुंग लावले गेले. ती टेकडी ओओदाम लोकांना पूर्वजांच्या दफनामुळे पवित्र वाटते.

माणसे थांबली का? नव्वदीच्या दशकापासून शहरांजवळच्या वाटा बंद होत गेल्या, तेव्हा पुष्कळ लोक अधिक निर्जन वाळवंटातून जाऊ लागले आणि तहानेने व उन्हाने हजारो जण मृत्यू पावले. २०२१ च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी काम थांबविले. २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले.

ओढ्यांच्या जागी या भिंतीस मोठाले दरवाजे ठेवावे लागले आहेत. मान्सून जवळ आला, की ते उघडून ठेवावयाचे असतात, नाही तर पाणी भिंत ढकलते. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात असाच लोंढा आला आणि त्यातील कित्येक पोलादी दरवाजे बिजागऱ्यांवरून निखळून पडले. पाणी मेक्सिकोत उतरले.