माती जड धातू धरून ठेवते, पण किती घट्ट?



मृदा प्रदूषण शिकवताना आपण फळ्यावर शिसे, कॅडमिअम, आर्सेनिक अशी नावं लिहितो आणि मुलं ती पाठ करतात. पण ‘मातीत पडलेलं शिसं पावसाने वाहून का जात नाही?’ असं एखाद्याने विचारलं, की खरा पाठ सुरू होतो.

उत्तर प्रभारात आहे. शिसे, कॅडमिअम, तांबे, जस्त पाण्यात विरघळले की त्यांचे धन आयन होतात. मातीच्या बारीक कणांवर ऋणप्रभार असला की ते या आयनांना ओढून धरतात. मात्र हा ऋणप्रभार सगळ्या मातींत सारखा नसतो.

देशावरची काळी माती घ्या. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या रचनेतच ऋणप्रभार असतो, तो जात नाही. अशा १०० ग्रॅम खनिजाची धन आयन धरण्याची क्षमता साधारण ८० ते १५० मिलिसमतुल्य. त्यात बहुतेक ठिकाणी चुनखडी, म्हणजे सामू ७ च्या वर. पकड घट्ट.

आता घाट उतरून कोकणात या. उष्ण हवा आणि मुसळधार पावसाने हजारो वर्षं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सिलिका धुऊन नेलं. मागे राहिली लोह-ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं. हाच आपला जांभा. (१८०७ साली फ्रान्सिस बुकाननने केरळातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपण त्याचे चिरे काढतो, तेव्हा नाव चपखलच!) या मातीतल्या केओलिनाइटची क्षमता अवघी ३ ते १५. आणि लोहाच्या ऑक्साइडांचा प्रभार सामूप्रमाणे बदलतो. माती आम्लधर्मी झाली की हायड्रोजन आयन त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि पृष्ठभाग चक्क धनप्रभारित होतो. मग धन आयनाला धरणार कोण?

शिसे आणि तांबे तरीही बरेचसे टिकतात, कारण ते ऑक्साइडांतल्या ऑक्सिजनशी थेट बंध जोडतात. कॅडमिअम आणि जस्त मात्र सहज निसटतात. आर्सेनिकचं उलटंच. आर्सेनेट हा ऋण आयन, म्हणून लाल माती त्याला छान धरते. पण भातखाचरात पाणी साचून ऑक्सिजन संपला की लोहाची ऑक्साइडं विरघळू लागतात आणि धरलेलं आर्सेनिक पाण्यात येतं.

वर्गात खरे जड धातू अजिबात नकोत. प्रयोगशाळेतलं मिथिलीन ब्लू वापरा. त्याचा रंगीत आयनही धनप्रभारित असतो. दोन बाटल्यांत काळी आणि जांभ्याची माती सारख्या वजनाने घ्या, सारखंच निळं पाणी घाला, हलवा, रात्रभर ठेवा. काळ्या मातीवरचं पाणी जास्त फिकं दिसेल. (लाल मातीत शेणखत भरपूर असेल तर फरक कमी होईल, कारण सेंद्रिय पदार्थही ऋणप्रभारित असतात. मुलांना आधी अंदाज करू द्या.)

हे सगळं शाळेच्या परसबागेसाठी कामाचं आहे. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण जुन्या रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं तिथेच असू शकतं. जुना रंग खरवडलेली भिंत, बॅटऱ्या फोडण्याची जागा, तिथेही तेच. ‘मातीने धरलंय ना, मग झाडात कमी जाईल’ हे शिशाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. पण मूल मातीचे हात तोंडात घालतं. पोटातल्या आम्लाचा सामू १ ते २ च्या आसपास, आणि तिथे मातीची पकड सुटते. म्हणून शिशाचा मुख्य धोका भाजीपेक्षा धुळीतून असतो. कॅडमिअम मात्र आम्ल मातीतून पालकासारख्या पालेभाजीत सहज चढतो. चुना घालून सामू ६.५ च्या पुढे नेला, चांगलं कुजलेलं खत घातलं, की तो कमी चढतो. धातू मात्र मातीतच राहतो. जागाच संशयास्पद असेल तर बाहेरून चांगली माती आणून वाफे उंच करा, उघडी जमीन झाका आणि काम संपल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा.

एक लक्षात असू द्या. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, तांबे, जस्त मिळतं. शिसे आणि कॅडमिअम मिळत नाहीत. ती तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते.