उतरल्यानंतरचे जगणे



आईच्या निधनानंतर मनावर साचलेल्या अंधारातून बाहेर पडण्यासाठी सायकेडेलिक द्रव्ये घ्यावीत काय, आणि त्यांतून येणाऱ्या अनुभवास अध्यात्म म्हणावे काय, असा दुहेरी प्रश्न चिरंजीवाने विचारला आहे. अशा प्रश्नाला कायद्याचा धाक दाखवून गप्प करणे वडीलधाऱ्यांना शोभत नाही. ज्याने हा रस्ता आधी पायांखाली घातला आणि त्यावर काय मिळाले व काय मिळाले नाही हे जगासमोर प्रांजळपणे मांडले, अशा माणसाचे चरित्र पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ते चरित्र रिचर्ड आल्पर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे होय. भारतात आल्यावर त्यांना रामदास हे नाव मिळाले. पण मराठी मनात त्या नावाने समर्थच उभे राहतात, म्हणून येथे त्यांचा उल्लेख आल्पर्ट असाच केला आहे.

सायकेडेलिक द्रव्ये म्हणजे जाणिवेची नेहमीची चौकट काही तास मोडून टाकणारी द्रव्ये. त्यांपैकी एलएसडी हे संयुग आल्बर्ट हॉफमान या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली तयार केले आणि त्याचा मनावरील परिणाम १९४३ मध्ये त्यालाच अनुभवास आला. सायलोसायबिन हे काही जातींच्या अळिंबीत निसर्गतः आढळते आणि मेक्सिकोतील माझातेक लोकांच्या रोगनिवारणाच्या रात्रविधींत या अळिंबीला मानाचे स्थान आहे. दोन्ही द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या विशिष्ट ग्राहींवर काम करतात. त्यांच्या प्रभावाखाली ‘मी’पणाची सीमा विरघळल्याची, गेलेली माणसे जवळ असल्याची किंवा सर्व चराचर एक असल्याची प्रतीती अनेकांना येते. ती प्रतीती खोटी ठरवण्याचा या पत्राचा हेतू नाही.

आल्पर्ट १९३१ साली बोस्टनजवळच्या एका सधन ज्यू कुटुंबात जन्मले. स्टॅनफर्डची पीएच.डी., हार्वर्डमधील अध्यापन, स्वतःचे छोटे विमान, असे सर्व काही तिशीच्या आतबाहेर हाती असूनही, आणि वर्षानुवर्षे मनोविश्लेषणाचे उपचार घेऊनही, आपण जगाला जे शिकवतो ते आपल्यालाच पुरत नाही ही पोकळी त्यांना जाणवत होती. मार्च १९६१ मध्ये सहकारी टिमोथी लिअरी यांच्या घरी त्यांनी प्रथम सायलोसायबिन घेतले. तेव्हा प्राध्यापक, मुलगा, यशस्वी माणूस अशा आपल्या एकेक भूमिका गळून पडताना दिसल्या आणि तरीही पाहणारा कोणी उरला, हा त्यांच्या आयुष्यातील निर्णायक क्षण ठरला. पुढे एका पदवीपूर्व विद्यार्थ्याला हे द्रव्य दिल्याच्या कारणावरून १९६३ मध्ये हार्वर्डने त्यांना काढून टाकले.

येथपर्यंतची गोष्ट सर्वत्र आवडीने सांगितली जाते. चिरंजीवाने मात्र तिच्या पुढच्या वर्षांकडे लक्ष द्यावे, कारण ज्या अनुभवाने सर्व भूमिका गळाल्या तो ओसरला की त्याच भूमिका, तीच असूया आणि तीच पोकळी घेऊन माणूस परत येत असे, आणि प्रत्येक वेळी हे उतरणे अधिक कडवट होत असे. ‘उतरूच नये’ म्हणून आल्पर्ट यांनी काही सोबत्यांसह एका इमारतीत स्वतःला कोंडून घेऊन सुमारे तीन आठवडे दर काही तासांनी एलएसडी घेण्याचा प्रयोग केला, तरीही ते उतरलेच, आणि बाहेर पडले तेव्हा सोबती एकमेकांचा तिरस्कार करू लागले होते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसासाठी या घटनेचे मोल मोठे आहे. काही तास प्रकाश दिसून पुन्हा अंधारात यावे लागले, तर आधीचा अंधार दुप्पट वाटू शकतो, आणि ज्याच्या मनात जगण्याविषयीच शंका निर्माण झाली आहे त्याला ती दुप्पट झालेली छाया पेलेलच असे नाही.

१९६७ च्या आरंभी आल्पर्ट यांच्या आईचे प्लीहेच्या विकाराने निधन झाले आणि त्याच वर्षी ते भारतात आले. त्यांना नैनीतालजवळच्या डोंगरात नीम करोली बाबा या साधूंकडे नेण्यात आले, तेव्हा आदल्या रात्री ताऱ्यांखाली उभे राहून ते मृत आईचे स्मरण करीत होते हे बाबांनी न सांगता ओळखले आणि तिच्या आजाराचे नावही उच्चारले, असे आल्पर्ट यांनी आयुष्यभर सांगितले. त्याचा उलगडा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा; त्या क्षणी हार्वर्डचा प्राध्यापक ढसाढसा रडला, हे या प्रसंगाचे सार आहे. ते रडू आले तेव्हा समोर द्रव्य नव्हते, एक जिवंत, जाणणारा माणूस बसलेला होता.

आल्पर्ट यांच्याच कथनानुसार, बाबांनी त्यांच्याकडील सुमारे ९०० मायक्रोग्रॅम एलएसडी एकदम घेतले आणि त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. पुढे बाबांनी सांगितले की या औषधाने संताचे दर्शन घडते खरे, पण तेथे राहता येत नाही. त्या हिवाळ्यात आल्पर्ट कैंची येथील आश्रमात राहिले, मौन पाळून पाटीवर लिहूनच बोलणाऱ्या हरिदास बाबांकडून योगाचे धडे घेतले, थंडीत पहाटे उठले, मोजके खाल्ले. गुरूंनी, म्हणजे नीम करोली बाबांनी, दिलेली आज्ञा अगदी साधी होती: लोकांवर प्रेम करावे, त्यांना जेवू घालावे, देवाचे स्मरण ठेवावे. १९७१ चे ‘बी हिअर नाऊ’ हे त्यांचे पुस्तक याच काळाचे फळ आहे. मरणोन्मुख रुग्णांची सोबत करण्याचे काम त्यांनी पुढे अनेक वर्षे केले आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, अंधत्वनिवारणासाठी काम करणाऱ्या सेवा फाउंडेशनच्या संस्थापकांत ते होते.

या सर्व साधनेनंतरही फेब्रुवारी १९९७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्या क्षणी मनात ना गुरू आले ना ईश्वर, केवळ छतावरचे नळ दिसत होते, अशी कबुली त्यांनी दिली. तीस वर्षे मृत्यूविषयी बोलणारा माणूस त्या परीक्षेत आपण नापास झालो असे मानून खचला, त्याची श्रद्धा काही काळ हरवली, वाचा जवळजवळ गेली. त्यातून ते हळूहळू वर आले, आणि इतरांची सेवा करणाऱ्याने इतरांकडून सेवा करून घेणे हीही साधना आहे, हे २०१९ मधील मृत्यूपर्यंत अडखळत्या शब्दांत सांगत राहिले. त्यांच्या चरित्रातील सर्वांत प्रकाशमान भाग हाच असावा.

आता शोक आणि नैराश्य यांतील भेद. शोक ही व्याधी नाही. तो लाटांसारखा येतो, मध्ये मोकळीक देतो, आणि गेलेल्या माणसावरील प्रेम त्यात जागे असते. नैराश्य हा आजार आहे: किमान दोन आठवडे जवळजवळ दिवसभर उदासी किंवा कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी वा अपराधी समजणे, मरणाचे विचार येणे, अशी त्याची लक्षणे. शोक कमी न होता वर्षाहून अधिक काळ जगणेच थांबवून ठेवत असेल, तर २०२२ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकविकार असे स्वतंत्र स्थान आहे. चिरंजीवाच्या पत्रातील झोपेचे आणि अपराधभावाचे वर्णन शोकापुरते मर्यादित वाटत नाही. म्हणून पहिले पाऊल मनोविकारतज्ज्ञाकडेच पडले पाहिजे.

या द्रव्यांवरील संशोधन आशादायक आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात कर्करोगाने भयग्रस्त व निराश झालेल्या ५१ रुग्णांपैकी बहुतेकांची उदासी सायलोसायबिनच्या मोठ्या मात्रेनंतर सहा महिन्यांपर्यंत लक्षणीयरीत्या कमी राहिली. मात्र २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ रुग्णांवर केलेल्या तुलनेत, मुख्य मोजमापानुसार, सायलोसायबिन हे एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीहून निर्विवादपणे सरस ठरले नाही. शिवाय अशा अभ्यासांत छिन्नमनस्कता किंवा उन्माद-अवसादाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना आधीच वगळले जाते, प्रशिक्षित व्यक्ती संपूर्ण वेळ शेजारी असतात, आणि आधी व नंतर अनेक बैठका होतात. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनच्या मार्श चॅपलमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात एक विद्यार्थी इतका भेदरला की त्याला शामक इंजेक्शन द्यावे लागले. ही गोष्ट मूळ अहवालात आली नव्हती आणि बऱ्याच वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात उघड झाली. भक्तिभावाने भारलेले संशोधकही नको असलेली बाजू झाकतात, हे त्यावरून ध्यानात ठेवावे.

चिरंजीवाच्या ज्या मित्रांनी गोव्यातील किनाऱ्यावर ‘विधी’ करून देण्याचे आश्वासन दिले आहे, त्यांच्याकडे या अभ्यासांतील यांपैकी कोणतीही व्यवस्था नाही. एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर भलतेच, प्राणघातक संयुग निघाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत, आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार ही द्रव्ये जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यास ‘अनुभव स्वच्छ यावा’ म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत; लिथियम घेणाऱ्याला तर या द्रव्यांमुळे झटके येण्याचा धोका असतो. उपचार चालू असताना नामस्मरण, ध्यान, पायी चालणे यांपैकी जे रुचेल ते अल्प प्रमाणात, पण रोज करावे. वर्षश्राद्धाच्या दिवशी आईच्या नावाने कोणाला तरी स्वतः रांधून वाढावे. आयुष्य संपवण्याचा विचार मनात डोकावला तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे मराठीत बोलता येते.

एक गोष्ट उरली. हा सारा विचार वडिलांपासून लपवला जात आहे असे पत्रावरून दिसते. त्यांचीही सहचारिणी गेली आहे, आणि मुलासमोर ते कदाचित एकदाही रडले नसतील. आल्पर्ट यांनी ज्या वडिलांच्या प्रतिष्ठित जगाकडे पाठ फिरवली होती, त्यांच्या म्हातारपणी ते परत घरी गेले आणि अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. चिरंजीवाने डॉक्टरांकडे जाताना वडिलांनाच बरोबर घ्यावे.