आवक क्रमांक विचारा

‘फाइल दिल्लीला गेलीय, काका.’ हे वाक्य मी दीड वर्ष ऐकलं. दर बैठकीत, दर फोनवर, अगदी गणपतीच्या आरतीला भेट झाली तरी तेच. फाइल कुठंही गेली नव्हती. ती शहरातल्याच एका कचेरीच्या कपाटात पडून होती, आणि हे मला दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जानं कळलं.

नोकरी संपवून हातकणंगल्याला कायमचा परतल्यापासून जो तो विचारतो, ‘तुमच्या त्या एअरफोर्सच्या रस्त्याचं काय झालं?’ हुपरी, पट्टणकोडोलीकडची माणसं तर जास्तच, कारण कोल्हापूर विमानतळाची धावपट्टी वाढवताना नेर्ली-तामगाव रस्त्याचा प्रश्न निघाला. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. हवाई तळाचं नाव आणि माणसांची नावं देत नाही.

नोकरीच्या गावची आमची मागणी साधी होती. तळाच्या हद्दीतून पाऊण किलोमीटरचा रस्ता मिळाला, तर पोरांच्या शाळेचा सात किलोमीटरचा वळसा वाचणार होता. समिती झाली. तळावरच्या अधिकाऱ्यांनी दोनदा बोलावलं, चहा दिला, नकाशा पाहिला, ‘प्रस्ताव येऊ द्या’ म्हणाले. आम्ही याला होकार समजलो. पुढचं काम स्थानिक कचेरीतल्या अभियंत्याचं होतं.

दुसऱ्याच बैठकीत मी विचारलं होतं, ‘साहेब, प्रस्ताव गेला असेल तर तिकडचा आवक क्रमांक द्या.’ आमचे अध्यक्षच माझ्यावर उखडले. ‘साहेबांवर संशय घेता होय?’ सगळे गप्प बसले. मीही बसलो. ते गप्प बसणं मला आजही खुपतं.

शेवटी प्रस्ताव जिथं गेल्याचं सांगत होते, त्या कार्यालयाकडे मी माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तराचं पाकीट पोस्टमननं फाटकातच हातात दिलं. इंग्रजी पत्र, आणि त्यातल्या एका ओळीचा अर्थ एवढाच: या रस्त्याचा कोणताही प्रस्ताव या कार्यालयाला मिळालेला नाही. मी तिथंच उभा राहून तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी ते पत्र अभियंत्यापुढं ठेवलं. त्यानं ते उलगडूनसुद्धा पाहिलं नाही. ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?’ एवढंच म्हणाला आणि फोनवर बोलत राहिला. नंतर कळलं, हद्दीची मोजणीच झाली नव्हती आणि पैशाचा ठरावही नव्हता. या दोन कागदांवाचून प्रस्ताव कसा जाणार? अध्यक्षांनी मला आजवर ‘तुमचं खरं होतं’ असं एका शब्दानं म्हटलेलं नाही.

आता ज्यांना अशा वाटाघाटी करायच्या आहेत त्यांच्यासाठी.

आधी जमीन कुणाची ते बघा. पुण्याच्या लोहगावला आणि गोव्यातल्या दाबोळीला आपण तिकीट काढून जातो, म्हणून ती जागा सर्वांची वाटते. पण लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, दाबोळीचा नौदलाचा. आपल्या तालुक्यात महामार्गाच्या चोकाक-अंकली टप्प्यावर शेतकरी चौपट मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, कारण शेतकऱ्याची जमीन सरकार कायद्यानं घेऊ शकतं. संरक्षण खात्याची जमीन राज्याला तशी घेता येत नाही, मागावी लागते. आणि फुकट मिळत नाही. किंमत तरी मोजा, नाहीतर तेवढ्या मोलाची जमीन किंवा बांधकाम द्या. म्हणून पैशाचा ठराव आधी.

तळावरचा अधिकारी कितीही सज्जन असला तरी जमीन देणं त्याच्या हातात नसतं. तो शिफारस करतो. कागद तिथून कमांडकडे, मुख्यालयाकडे आणि शेवटी संरक्षण मंत्रालयाकडे जातो. मधल्या काळात त्याची बदली होते. आमच्याशी बोललेले दोघेही बदलून गेले, आणि नव्या साहेबांपुढं आमच्या बोलण्याची एक ओळही लेखी नव्हती. प्रत्येक बैठकीनंतर इतिवृत्त लिहा, त्याच दिवशी पाठवा, पोच घ्या.

‘वर्षानुवर्षं याच वाटेनं जातोय’ यावर विसंबू नका. पिंपरी-चिंचवडजवळच्या बोपखेलचे लोक लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून दापोडीला जात. २०१५ मध्ये तो रस्ता बंद झाला आणि गावाला दिघीकडून वळसा पडला. मुळा नदीवरच्या पुलासाठीही पलीकडच्या काठाला संरक्षण खात्याचीच जमीन लागली आणि परवानगीला वर्षं गेली. छावणी क्षेत्रातला रस्ता बंद करायचा तर २००६ च्या छावणी कायद्यात जाहीर सूचनेची तरतूद आहे. छावणीबाहेरच्या हवाई तळाला ती लावता येत नाही. आमच्यातल्या एकानं तेच कलम मिरवत सहा महिने घालवले.

मधूनच रस्ता हवा असा हट्ट धरू नका, कडेची पट्टी मागा. जिब्राल्टरला ब्रिटिश हवाई दलाच्या धावपट्टीवरूनच मुख्य रस्ता जात होता, दर विमानाला फाटक पडायचं. शेवटी धावपट्टीच्या टोकाखालून बोगदा काढला, तो २०२३ मध्ये खुला झाला, ठरल्या मुदतीच्या कित्येक वर्षं उशिरा. धीर धरा, एकजूट ठेवा, हे तर आहेच. पण साहेब नाराज होतील म्हणून प्रश्न गिळायला लावणारी एकजूट काही कामाची नाही.

आमचा रस्ता अजून झालेला नाही. पोरं सात किलोमीटरच जातात. तुमच्या गावच्या बैठकीत कुणी ‘फाइल वर गेलीय’ म्हणालं, तर तिथंच उभं राहून आवक क्रमांक आणि तारीख विचारा. बाकीचे गप्प बसले तरी विचारा. क्रमांक मिळाला नाही, तर फाइल गेलेली नाही.